बाईंची मिरवणूक

फोन वाजला तेव्हा मी शर्टांच्या कॉलरी कापत होते. फोन माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा होता. ती पोलिसात आहे आणि ड्युटीवर असताना सहसा फोन करत नाही, म्हणून मी जरा घाबरतच उचलला.

"अगं, मिळाला! बाईंना मिळाला!" ती ओरडत होती. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"काय मिळाला?"

"पुरस्कार! राज्याचा! आदर्श शिक्षिका म्हणून! आपल्या बाईंना गं!"

मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण माझ्या शिलाई कारखान्यातल्या सगळ्या बायकांनी मशिनी थांबवल्या. एकीला वाटलं, माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मी सांगितलं, "लग्न नाही, आमच्या बाईंना पुरस्कार मिळाला." त्यातल्या दोघी त्याच शाळेत शिकलेल्या. त्यांनी एकमेकींचे हात धरून तिथंच फुगडी घातली. कापडाचे गठ्ठे पडले, चहा सांडला. त्या दिवशी आमच्याकडं पुढं फारसं काही शिवून झालं नाही.

आमची शाळा महापालिकेची. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटाटात. वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी, काही कानडी, काही दखनी, उरलेली मराठी. माझं घर तेलुगू. वडील मागावर कामाला, आई दारात बसून बिड्या वळायची. पहिली-दुसरीत मी वर्गात नुसती बसून असायचे. सगळे ओरडले की मीही ओरडायचे. काय ओरडतोय ते कळायचं नाही.

तिसरीला ह्या बाई आल्या. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र मैदान ओलांडून जाईल असा. त्या अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या, घरी कानडी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची भिंतीला सरकवली आणि आमच्यात खाली फरशीवर मांडी घातली.

"मी शाळेत गेले तेव्हा मला मराठी काहीच येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "लई रडले होते. आता असं करू, तुम्ही मला तुमच्या घरातला एकेक शब्द शिकवा. मग मी तुम्हाला शिकवते."

माझी पाळी आली. मी हळूच म्हटलं, "नीळ्ळु."

"म्हणजे काय गं?"

मी कोपऱ्यातल्या माठाकडं बोट दाखवलं.

"पाणी! आमच्यात नीरू म्हणतात. जवळचंच की!" बाई उठल्या, फळ्यावर मोठ्या अक्षरात 'नीळ्ळु' लिहिलं आणि खाली 'पाणी'. मी त्या फळ्याकडं बघतच राहिले. आमच्या घरातला शब्द फळ्यावर होता. त्यातलं 'न' आणि 'ळ' मी त्या दिवसापासून कुठंही ओळखायला लागले. दुकानांच्या पाट्यांवर, बसवर, रॉकेलच्या डब्यावर.

बाईंची एक पद्धत होती. आमच्या सगळ्या गल्ल्यांना ती माहीत होती. एखादं पोरगं पहिल्यांदा न अडखळता, कुणाची मदत न घेता, पुस्तकातला एक अख्खा धडा वाचायला लागलं की त्याची मिरवणूक निघायची. शाळेत जुन्या लेझीम पडून होत्या, त्या बाईंनी घासूनपुसून काढल्या होत्या. सोलापुरात लेझीम काय नवीन नाही, पण ती मंडळांच्या पोरांनी खेळायची, मिरवणुकीत. बाईंनी ती आम्हा पोरींच्या हातात दिली. शाळा सुटली की सगळा वर्ग रांगेत, पुढं लेझीम, मध्ये तो वाचणारा किंवा ती वाचणारी, मागं बाई शिट्टी वाजवत. त्या पोराच्या घरापर्यंत वाजतगाजत जायचं. घर आलं की लेझीम थांबायची आणि त्यानं दारात उभं राहून आईबापांपुढं तो धडा वाचायचा.

तेव्हाचे मुख्याध्यापक वैतागायचे. "बाई, ही शाळा आहे का लग्नाची वरात?"

"वरातच म्हणा की सर," बाई म्हणायच्या. "तुम्ही पण चला. आजचं घर जवळच आहे."

माझी मिरवणूक बऱ्याच उशिरा निघाली. माझ्यामागून आलेल्या पोरींच्या झाल्या तरी माझी होईना. घरी धाकटा भाऊ लहान होता. त्याला सांभाळायला आई मला आठवड्यातून दोन-तीन दिवस घरीच ठेवायची. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी मी बाईंपुढं उभी राहिले आणि धडा वाचायला लागले. एका चिमणीचा धडा होता. शेवटची ओळ संपली तरी मला कळलंच नाही की संपला. बाईंनी शिट्टी तोंडात घातली आणि इतक्या जोरात वाजवली की शेजारच्या वर्गातली पोरं बाहेर आली.

आमच्या गल्लीत लेझीम शिरली तसे माग बंद करून माणसं बघायला आली. आई दारात बसली होती, मांडीवर तंबाखूचं सूप, बोटं चाललेली. एवढी गर्दी बघून ती घाबरली. तिला वाटलं, पोरीनं शाळेत काहीतरी केलं. मी वाचायला लागले. आईला मराठी फार कळत नव्हतं. तरी तिची बोटं थांबली. दिवसभर कधी न थांबणारी बोटं. वाचून झालं. आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मळ्ळी चदुवु."

पुन्हा वाच.

मी पुन्हा वाचलं. आई सूप बाजूला ठेवून उठली, घरात गेली आणि मूठभर साखर घेऊन आली. पहिल्यांदा बाईंच्या हातावर ठेवली. त्यानंतर आईनं मला एक दिवसही घरी ठेवलं नाही. भावाला ती मागं पाठीशी बांधून बिड्या वळायची. मी दहावी झाले, शिवणकाम शिकले, नोकरी केली, मग चार मशिनी टाकल्या. मधली सगळी वर्षं बाई ह्या शाळेतून त्या शाळेत बदलून जात राहिल्या आणि शेवटी परत आमच्याच शाळेत आल्या. जिथं गेल्या तिथं मिरवणुका काढत गेल्या.

तर असा पुरस्कार मिळाला म्हटल्यावर आम्ही दोघी त्याच संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. जाताना मी मैत्रिणीला म्हटलं, "बाई नको-नको म्हणतील बघ. कशाला सत्कार, कशाला खर्च, असं."

बाईंनी दार उघडलं. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय, आवाज तोच. आम्ही पाया पडायला वाकलो तर आम्हाला धरून गदागदा हलवलं. "बघितलं का? मिळाला की नाही? लई आनंद झालाय बघा मला! सकाळपासून कुणालातरी सांगतेच आहे. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं."

"बाई, आम्हाला तुमचा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ…"

"शाल नको. उकडतं सोलापुरात." बाई खुर्चीवर पुढं सरकून बसल्या. "मला मिरवणूक पाहिजे."

आम्ही एकमेकींकडं बघितलं.

"अगं, एवढ्या वर्षांत सगळ्यांच्या काढल्या, माझी कुणी काढली का? मला उघड्या जीपमध्ये बसायचंय. हलगी पाहिजे, लेझीम पाहिजे, आणि नवी पेठेतून न्यायचं मला. सगळ्या सोलापुरानं बघितलं पाहिजे. का, मी नको म्हणायला पाहिजे होतं?"

"नाही बाई!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

मग पुढचे दिवस जे गेले ते गेले. मैत्रिणीनं परवानगीचं बघितलं. मी माणसं जमवली. एकीला फोन केला की ती दुसरीला करायची. पुण्याहून दोघी येतो म्हणाल्या, हैदराबादहून एक. गणपती नुकतेच बसून गेले होते, त्यामुळं एका मंडळानं त्यांच्या लेझीम खुशीनं दिल्या. सरावाला शाळेच्या मैदानात जमलो तेव्हा खरी मजा. सगळ्या चाळिशीच्या आसपासच्या बायका, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात आया, कुणी मेस चालवणारी. पदर खोचून उभ्या राहिलो. पहिल्या डावाला हात आपोआप उठले! पोरी असताना शिकलेलं हातांना सगळं आठवत होतं. गुडघ्यांना मात्र काही आठवत नव्हतं. बसून उठायचा डाव आला आणि अर्ध्याजणी बसल्या त्या तशाच राहिल्या. एक दुसरीला उठवायला गेली तर दोघी पडल्या. हसून हसून पोटात दुखायला लागलं. शेवटी बसायचा डाव वगळायचा असं सर्वानुमते ठरलं.

बाई मुंबईला जाऊन पुरस्कार घेऊन आल्या. नंतरच्या रविवारी मिरवणूक.

सकाळपासूनच ऊन चटकत होतं. जीप झेंडूनं सजवलेली, पुढं मी स्वतः शिवलेला कापडी फलक. त्यावर मोठ्या अक्षरात 'राज्यस्तरीय आदर्श शिक्षिका, आमच्या बाई'. बाईंनी मोरपंखी इरकल नेसलेलं, केसात गजरा, आणि गळ्यात ती शाळेतली शिट्टी. हलगीवर पहिली थाप पडली. आम्ही लेझीम उचलल्या. नवी पेठेतली कापडाची दुकानं, सराफाची दुकानं, रविवारची गर्दी, सगळं आमच्याकडं बघत होतं. दुकानदार पायऱ्यांवर आले. "कुणाची मिरवणूक?" कुणीतरी विचारलं. "मास्तरीणबाईंची!" दुसरा म्हणाला. वरच्या मजल्यावरून एका बाईनं फुलं टाकली. आमच्या बाई जीपमध्ये उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या, आणि कुणाचा ताल चुकला की शिट्टी वाजवून बोट दाखवत होत्या. मी दोनदा सापडले.

एका चौकाच्या अलीकडं आम्ही अडकलो. मागं एक रिक्षा सारखा हॉर्न वाजवत होती. थांबेचना. माझी मैत्रीण त्या दिवशी सुट्टीवर होती, साडीत होती, पण पोलिसी चाल काही लपत नाही. ती तरातरा मागं गेली.

"ओ, दिसत नाही का मिरवणूक चाललीय ते?"

"दिसतंय की! म्हणून तर वाजवतोय," रिक्षावाला म्हणाला. "मला पुढं येऊ द्या ओ ताई. जीपमधल्या बाईंना भेटायचंय."

तेवढ्यात बाईंनी वळून बघितलं. चष्मा वर केला, डोळे बारीक केले. आणि त्यांची शिट्टी वाजली, तीच लांब शिट्टी. हलगी थांबली.

"तू… माठाजवळ बसायचास," बाई म्हणाल्या. "खिडकीखाली. भिवंडीला गेलास तू!"

आता मला आठवला. आमच्याच वर्गातला. त्याच्या वडलांचं इथलं काम सुटलं आणि सगळं घर भिवंडीच्या मागांवर गेलं होतं. वर्षाच्या मध्येच. बाई त्याच्या घरी विचारायला गेल्या तर दाराला कुलूप. नंतर कित्येक दिवस हजेरी घेताना बाई त्याचं नाव घेऊन क्षणभर थांबायच्या. तो सोलापुरात परत आलाय हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

तो रिक्षा तशीच सोडून जीपजवळ आला. रुंद खांद्याचा, कानावर पांढरे केस असलेला माणूस. त्यानं जीपच्या कडेला हात ठेवला आणि हसत म्हणाला, "बाई, सगळ्यांची झाली. माझी मिरवणूक राहिली की ओ."

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आता वाचायला येतं का?"

"येतं की. लेकीनं शिकवलं. ती दुसरीत असताना मी तिच्या शेजारी बसायचो, तिच्या पुस्तकात बघून."

"मग वाच," बाई म्हणाल्या आणि फलकाकडं बोट केलं.

भर रस्त्यात, चारी बाजूंनी गाड्या तुंबलेल्या, आणि तो माणूस फलकासमोर उभा राहिला. बोट धरून वाचायला लागला. "राज्य… स्त… स्तरीय." तो थांबला. कपाळावरचा घाम पुसला. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. "राज्यस्तरीय आदर्श शिक्षिका, आमच्या बाई." मग त्यानं परत, एका दमात, मोठ्यानं वाचलं. शेवटचे दोन शब्द वाचताना तो बाईंकडं बघत होता.

बाई जीपमधून उतरायलाच लागल्या. आम्ही धावलो. "बाई, कुठं निघालात?"

"ह्याच्या घरी. मिरवणूक घरापर्यंत जाते, दारात वाचायचं असतं. विसरलात काय सगळ्या? रिक्षा पुढं घे रे. मी तुझ्या रिक्षात बसते."

"बाई, परवानगी शाळेपर्यंतच्याच रस्त्याची आहे," माझी मैत्रीण कळवळून म्हणाली. "आणि शाळेत शिक्षण खात्याचे मोठे साहेब येऊन बसलेत."

"मग तू पोलिसात कशाला गेलीस गं?" बाई रिक्षात बसतसुद्धा होत्या. "बघ काहीतरी."

मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. मग फोन काढला, एका बाजूला जाऊन कुणाकुणाशी बोलली, "साहेब, पाच मिनिटं, फक्त आतल्या गल्ल्यांतून" असं काहीतरी ऐकू आलं. परत आली ती पदर खोचतच. "चला! पण पटापट!"

रिक्षा पुढं, रिकामी जीप मागं, मध्ये आम्ही. मोठा रस्ता सोडून गल्लीत शिरलो. गल्ली अरुंद, लेझीमचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होता. हलगीवाल्याला तर चेवच आला होता. घराघरांतून माणसं बाहेर आली. पत्र्याच्या एका घरासमोर रिक्षा थांबली. त्याची बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मागून कॉलेजची एक मुलगी, कानात इअरफोन. तिनं ते काढले आणि बघतच राहिली. "पप्पा? काय झालं?"

बाई रिक्षातून उतरल्या. "तूच शिकवलंस ना ह्याला?"

मुलगी लाजली. "मी नाही, म्हणजे… ते रोज माझ्याजवळ बसायचे."

"त्यालाच शिकवणं म्हणतात. जा, तुझं जुनं पुस्तक असेल तर आण."

पुस्तक सापडलं नाही. मुलीनं आतून त्या दिवसाचा पेपर आणला. तो माणूस स्वतःच्या दारात उभा राहिला. पेपरात धरणातल्या पाण्याची बातमी होती, ती त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली. बायको तोंडाला पदर लावून ऐकत होती. संपल्यावर बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या गल्लीनं. मी लेझीम इतकी जोरात वाजवली की तिची एक चकती निखळून गटारात गेली. मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडत होती आणि तो मोठमोठ्यानं हसत होता. बाईंनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. "भिवंडीला जाताना सांगून जायचं असतं!"

शाळेत पोचलो तेव्हा साहेब बराच वेळ पंख्याखाली बसून होते. आम्ही घामानं निथळत, कुंकू ओघळलेलं, पायांना धूळ. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण मिरवणुकीतून पुढं पळत आलेल्या शिपाईमामांनी त्यांना आधीच सगळी गोष्ट सांगितली होती. ते उठून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मला का नाही बोलावलं? मीही आलो असतो."

कार्यक्रम छोटाच झाला. भाषणाला उभ्या राहिल्यावर बाईंनी पुरस्काराचं मानचिन्ह सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं, लहान मूल बाहुली दाखवतं तसं. "हे मला मिळालंय," त्या म्हणाल्या. "मी हे कपाटात ठेवणार नाही, बाहेरच्या खोलीत ठेवणार आहे. येईल त्यानं बघायचं." सगळे हसले. मग त्या गंभीर झाल्या. "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. माझ्या वर्गातली काही पोरं अजून वाचत नाहीत. त्या सगळ्यांच्या मिरवणुका व्हायच्यात. मला आता पळवत नाही गल्ल्यांतून. तेव्हा त्या लेझीम एवढ्यात परत करू नका."

आम्ही केल्या नाहीत. मंडळाला सांगितलं, त्यांचा पुढचा गणपती येईपर्यंत आमच्याकडंच राहू द्या. ते तयार झाले.

परवा शनिवारी बाईंचा फोन आला. "ये गं. अक्कलकोटकडनं आलेली एक पोरगी आहे, घरी कानडी बोलते. आज वाचलं तिनं." मी कारखाना दोघींवर सोपवला आणि निघाले. मैत्रीण गणवेशातच आली. शाळेच्या दाराशी रिक्षा उभी होती, तो आमच्याआधी पोचला होता, हातात हलगी घेऊन. कुठून आणली कोण जाणे. वाजवायला येत नव्हती त्याला, तरी वाजवत होता. ती पोरगी रांगेच्या मध्ये उभी, दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरून, घाबरून आणि आनंदानं पायाची बोटं हलवत. बाईंनी मला मागं उभं केलं आणि स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"वाजव," त्या म्हणाल्या. "लांब वाजव. पार पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली पाहिजे."

मी छातीत हवा भरून घेतली आणि वाजवली.